विमानातली गळती

प्रिय हॅल्वर,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसलोय. जन्मभर औषधाच्या दुकानात डॉक्टरांची अक्षरं वाचून माझंही अक्षर तसंच झालंय. सांभाळून घे, पण मधेच फेकून देऊ नकोस.

तू आपल्या विमानवाल्यांच्या क्लबच्या शनिवारच्या न्याहारीला येणं सोडल्यापासून पॅनकेक गॉर्डी करतो. एका बाजूने करपलेले, दुसऱ्या बाजूने कच्चे. मागच्या शनिवारी इर्माने त्याला सगळ्यांदेखत झापलं, "अरे मेल्या, हॅल्वर परत येईपर्यंत तरी आम्हाला जिवंत ठेव!" सगळे हसले. मला ताटातून मान वर करवेना. तू का येत नाहीस, ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

हिवाळ्यात मी स्वतः बांधत असलेल्या विमानाला तू वेग आणि उंची मोजणाऱ्या काट्यांच्या नळ्या बसवून दिल्यास, तो दिवस सारखा आठवतो. बाहेर गुडघाभर बर्फ होता आणि हँगरमधला हीटर नुसताच खोकत होता. वारा घेणारी नळी पंखाखाली आधीच लागली होती. शांत हवा घेणारी दोन बारीक भोकं शेपटीकडे, दोन्ही कुशींवर पाडायची राहिली होती. आपल्याकडे कुणाचंही विमान असो, या कामाला तूच. भोकात बसवलेल्या पोकळ रिव्हेटचं डोकं वर आलेलं मला बरं दिसेना, म्हणून मी कानस उचलली, तर तू माझ्या हातावर चापट मारलीस. "हात काढ! एवढंसं जरी खरवडलंस ना, तर तुझा वेगाचा काटा जन्मभर थापा मारत बसेल." मग माझ्याच दुकानातली सिरिंज लावून तू हळूच हवा ओढलीस. उंचीचा काटा चढला आणि चढला तिथेच थांबला. कुठे गळती नाही. तू "ठणठणीत!" म्हणालास आणि आपण क्लबातल्या डोरीनने भट्टीत भाजून दिलेला बटाटा-खिम्याचा हॉटडिश हातमोजे न काढताच खाल्ला. इतका सुखी मी फार दिवसांत झालो नव्हतो.

मे महिन्यात पहिल्या उड्डाणाचा शनिवार आला. सगळे घडीच्या खुर्च्या टाकून बसले. इर्माने केकवर माझं विमान काढलं होतं. मी धावपट्टीच्या टोकापर्यंत गेलो आणि तसाच परत आलो. वेगाचा काटा उड्या मारतोय, असं सांगितलं. तू तिथल्या तिथे तपासलंस, काटा अगदी ठीक होता. तरी मी हट्टाने उड्डाण पुढच्या शनिवारवर ढकललं. पुढच्या शनिवारी मात्र गळती निघाली. शेपटीत नळीच्या जोडाचा नट सैल होता. त्याच्या पुढच्या शनिवारी दुसरा नट, मग तिसरा. दर वेळी तू ती दुखरी पाठ घेऊन आत उताणा शिरलास, पान्याने नट आवळलास आणि बाहेर येऊन माझीच माफी मागितलीस. मला लोक विचारत होते, "काय लेस्टर, विमान उडवतोयस की अंडी उबवतोयस?" तुला कुणी काही म्हणत नव्हतं. एकदाच गॉर्डी हळू आवाजात म्हणाला, "म्हाताऱ्याच्या लक्षात राहत नाही आता." ते तू ऐकलंस. तू ऐकलंस हे मी पाहिलं आणि गप्प बसलो.

ते नट मी सैल करत होतो, हॅल्वर. शुक्रवारी संध्याकाळी एकटा जाऊन, दर वेळी वेगळा, पाव फेरा. पहिल्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी मी विमान जमिनीवर जोरात पळवून पाहिलं होतं. क्षणभर चाकं उचलली गेली आणि मी घाईने इंजिन बंद केलं. मी घाबरलो. इतकी वर्षं खपून बांधलेल्या विमानात बसायला मी घाबरलो. आपल्याकडे पहिलं उड्डाण ज्यानं बांधलं त्यानंच करायचं, तेही एकट्यानं. मग कोणत्या तोंडाने सांगू? तू हसला नसतास, हेही मला ठाऊक होतं. माझी लाज झाकायला मी तुझे हात वापरले. तुझी आई शेवटी तुलाही ओळखत नव्हती. तुझ्या मनात काय येत असेल ते मला कळत होतं, तरी पुढच्या शुक्रवारी पाना घेऊन मी गेलोच. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

आज न्याहारीला मी उभा राहून हे सगळं सांगून टाकलं. गॉर्डीची मान खाली गेली. इर्माने माझ्यासमोरची बशी उचलून नेली. मग तिनेच सांगितलं, की स्मरणशक्ती तपासून घ्यायला तू डॉक्टरांची वेळ घेतली आहेस आणि तुझं पिवळं विमान बघायला उद्या मिनेसोटाहून गिऱ्हाईक येतंय. त्यासाठी हे पत्र. तू काहीही विसरला नव्हतास, हॅल्वर. एकही नट तू सैल सोडला नव्हतास. मी तुझ्या दारासमोर गाडीत बसून लिहितोय आणि हे दाराच्या फटीतून आत सरकवणार आहे. माझ्यासाठी दार उघडू नकोस, पुन्हा कधीच उघडू नकोस हवं तर. पण त्या माणसाला आत्ताच फोन कर आणि येऊ नको म्हणून सांग.

तुझाच, अजून असं म्हणू दिलंस तर,
लेस्टर