डॉक्टरबेनचा प्रश्न

प्रिय सुवर्णा,

उधन्याच्या आमच्या खोलीत हल्ली तीन पोरं येऊन बसतात. दिसतात ती फक्त तुझ्या दाजींना. पलंगाच्या काठावर ओळीनं बसलेली, त्यातल्या एकाच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं, इतकं स्पष्ट. मी घाबरले, तर हे शांतपणे म्हणाले, "माले मालूम शे, त्या नईत. पन दिखतस."

मागाच्या कारखान्यात चाळीस लूम धडधडत असताना कुठल्या लूमचा आवाज बिघडलाय, ते डोळे मिटून सांगणारा हा माणूस. परवा सकाळी त्यांना सदऱ्याची बाही सापडेना. आणि दुपारी त्यांनीच आमच्या ललितला फोनवर त्याच्या लूमचा बिघाड नीट समजावून सांगितला. एवढं सगळं जातं कुठं आणि परत येतं कुठून, मी नुसती बघत राहते. ललित म्हणे वय झालं, मला वाटलं बाहेरचं काही असेल. शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबेननं कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. यांनी सगळे आकडे एका बाजूला कोंबले. लेवी बॉडी म्हणून मेंदूचा आजार आहे म्हणाली, बरा होत नाही, औषधानं माणूस थोडा सावरतो. मग तिनं मला विचारलं, हे झोपेत हातपाय झाडायचे का, पूर्वीपासून?

सुवर्णा, माझा तो सुजलेला डोळा तू विसरली नसशील. दार लागलं म्हटलं, तू मानलं नाहीस. यांना उंबऱ्यात उभं करून नको ते बोललीस आणि गेलीस, त्याला सात वर्षं झाली. हे मान खाली घालून ऐकत राहिले, कारण त्यांना काहीच आठवत नव्हतं. तेव्हापासून ते गॅलरीत वेगळे झोपतात. झोपेत हात लागला हे मला ठाऊक होतं, पण मनात राग असल्याशिवाय का हात उठेल, असं वाटून मीही गप्प बसले.

डॉक्टरबेन म्हणाली, हा आजार कित्येकदा वर्षानुवर्षं आधी झोपेतच सुरू होतो. स्वप्नात भांडण झालं, की हात खरेच चालतात. ते ऐकून यांनी माझ्याकडे बघितलं. "मंग मी तुले मारं नई?" एवढंच विचारलं. सात वर्षं हा माणूस स्वतःला गुन्हेगार समजून जगला, आणि मी त्याच घरात होते.

तुझं नाव त्यांना अजून आठवतं, रोज नाही. सकाळी दहाच्या सुमारास बरे असतात. शिरपूरहून रात्रीची गाडी धर आणि ये. तुमचा दोष नव्हता, हे मी सांगितलं की त्यांना पटतं, पण तुझ्या तोंडून ऐकायचंय त्यांना.

तुझीच,
लीलाअक्का