झाकलेली ओळ

ता. ३ जून

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

मोतीबिंदूचं ऑपरेशन पंधरा तारखेला ठरलं. डावा डोळा आधी. दुकानात काच कापताना रेघ दिसेनाशी झालीय, फ्रेमचे कोपरे जुळत नाहीत. आता थांबण्यात अर्थ नाही. डॉक्टरांची पारख मी केली आहे. त्यांच्या भिंतीवरची अकरा प्रमाणपत्रं मीच मढवलीत, आणखी काय चौकशी करायची? शिवाय ते मला कलाकार म्हणतात. त्यांच्या चिठ्ठीची नक्कल सोबत आहे.

लोभ आहे तसाच ठेवावा,
तुझा धाकटा

ता. ६ जून

चि. कलाकारास,
अनेक आशीर्वाद, आणि एक चपराक.

मडकं घेताना चार वेळा वाजवून बघणारा तू, डोळा मात्र भिंत बघून देणार! तीस वर्षं मी हॉस्पिटलच्या नोंदणी खिडकीत काढली. डॉक्टरच्या चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असतो. तुझ्या चिठ्ठीवर मोर छापलाय, क्रमांक नाही. म्हणून वैद्यक परिषदेच्या यादीत शोधलं. त्या नावाचे दोघंच सापडले. एक बाळंतपणं करणाऱ्या बाई, दुसरे बारा वर्षांपूर्वी वारले. तुझे डॉक्टर यांपैकी कोण, ते त्यांनाच विचार. अकरा प्रमाणपत्रं म्हणे! ज्याला येतं त्याला एक पुरतं. उथळ पाण्याला खळखळाट फार.

राग आला तर येऊ दे, डोळा सांभाळ.
तुझी अक्का

ता. १२ जून

ती. अक्कास,
सा. न.

ऑपरेशन रद्द केलं. क्रमांक विचारला तर ते हसले, म्हणाले, एवढी ओळख असताना असला प्रश्न? कपाळावर घाम मात्र आला. भामटा लेकाचा!

पण सांगताना माझीच मला किळस येते. मढवायला देताना त्यांनी आतली पुठ्ठ्याची पट्टी खालून रुंद ठेवायला सांगितली होती, शेवटची ओळ झाकली जाईल अशी. ती ओळ मी तेव्हा वाचली होती. 'दोन दिवसांच्या शिबिरास श्रोता म्हणून उपस्थित.' अकराही कागदांवर असंच काहीबाही. कलाकार म्हणाले आणि माझी अक्कल चरायला गेली.

शेजारच्या शिवणवाल्या मावशींना गेल्या महिन्यात मीच त्यांच्याकडे पाठवलं होतं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही. डॉक्टर मोठे आहेत, हळूहळू दिसेल, असं त्या म्हणत राहिल्या. काल त्यांना मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, या डोळ्यात आता काही उरलं नाही.

परिषदेकडे तक्रार लिहितोय. पट्टी कोणी लावली, तेही त्यात आहे. मावशींना मात्र पट्टीचं अजून सांगू शकलो नाही. हॉस्पिटलातून येताना त्या माझा हात धरून म्हणाल्या, तू वेळेवर नेलंस म्हणून, नाहीतर दुसराही डोळा त्यालाच दिला असता.

लोभ ठेवायचा की नाही, ते तू ठरव.
धाकटा