खिळ्यावरची वायर

दादा,

"बघ, पाच मिनिटांत झालं," म्हणत तू सकाळी टाईप केलेली पानं पुढे केलीस. त्याबद्दल हे लिहून ठेवतेय.

बोलणं लिहून काढून त्याचा अनुवाद करणारं माझं सॉफ्टवेअर इंटरनेटशिवाय चालतं. हळू चालतं, हे मलाही दिसतं. गिरणीतल्या त्या बाईच्या डोळ्यांदेखत मी इंटरनेटची वायर काढून खिळ्याला अडकवली, तेव्हा कुठे ती मुकादमाबद्दल बोलायला तयार झाली. तिचा आवाज या खोलीबाहेर जाणार नाही, असा शब्द दिला होता मी तिला. तू वायर जोडलीस, तिचं रेकॉर्डिंग टाईप करून घ्यायला कुठल्याशा फुकट साइटवर टाकलंस, आणि वर माझं टेबलही पुसून ठेवलंस.

तिच्या घरी चाललेय, हे तोंडावर सांगायला. जेवण झाकून ठेवलंय. वायर सोबत नेतेय. कॉम्प्युटरला हात लावू नकोस, मदत म्हणून तर मुळीच नको.

तासाभराच्या बोलण्याला माझं मशीन चार तास घेतं. तो एक तास बोलायला तिला अकरा वर्षं लागली. तुला चार तास दम धरवला नाही.