धुऱ्यावरची दारवाली

माय,

आज वावरात जाऊन आले. काकांचा तुकडा आता भावानेच घेतला, त्यामुळे मधल्या धुऱ्याचं, त्या मातीच्या बांधाचं, काम उरलं नाही. तो सपाट करायला जेसीबी सकाळीच येऊन उभा होता. भावाने मला मुद्दाम आदिलाबादहून बोलावलं, कारण त्या धुऱ्याला तू कधी खुरपी लागू दिली नाहीस हे त्यालाही आठवत होतं.

तिथे तुझी दारवाली राहायची. मातीत बीळ करून त्यावर मातीचंच झाकण बसवणारी ती काळी, आठ पायांची कोळीण. परवा मोबाइलवर तिचं नाव शोधलं, धड सापडलं नाही. इकडच्या जातीबद्दल कोणी फारसं लिहिलेलंच नाही. लहानपणीचं मात्र अजून दिसतं: निंदता निंदता तू मला जवळ बसवतेस, ज्वारीच्या काडीने झाकणाची कड हळूच उचलतेस आणि काडी माझ्या हातात देतेस. आतून कोणीतरी झाकण खाली ओढतं. "पाह्य, वढून राह्यली. घरात बाई हाये. जबरदस्ती नोको करू." आपल्या खोलीला तेव्हा दार नव्हतं, तुझंच जुनं लुगडं टांगलेलं असायचं, आणि घरातलं कोणीही ते सारून आत यायचं. "हिचं बरं हाये," म्हणून तू हसायचीस. मला त्या हसण्याने कसंतरी व्हायचं.

तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मला तुझा राग येतो. हे कुठे पाठवायचं नाही, म्हणूनच लिहिते आहे. पोटात कळा येत असताना तू कापूस वेचत राहिलीस, मध्येच खाली बसायचीस. "काऊन बसली वं माय?" विचारलं की "काई नाई." दवाखान्यात नेलं तेव्हा कोणाच्या हातात काही उरलं नव्हतं. इतकं घट्ट मिटून बसायचं असतं का गं?

भाऊ म्हणाला, "ताई, मशीनवाला खोळंबला. मोडू का धुरा? का अजून हाये थे?"

मी खाली बसले, काडी शोधली, एक झाकण उचललं. ते सहज उघडलं. बीळ रिकामं होतं, तोंडाशी जाळंही विरलेलं. भाऊ मागे उभा होता, त्याला दिसत नव्हतं.

"हाये," मी म्हणाले. "घरात हाये."

तो कुरकुरला, पण मशीन परत पाठवली. तिथे आणखीही झाकणं होती, माय. ती उचलून पाहायचा मला धीर झाला नाही.