लिस्पसाठी मशीन

४ जून, सकाळी ११
ऑफिसने मोकळं केल्याला पंधरा दिवस झाले. रेकॉर्ड सेक्शनच बंद केला. एकोणीस वर्षं होतो तिथे. वाईट वगैरे वाटत नाही. खरं तर काहीच वाटत नाही, म्हणजे मन स्थिर आहे. नव्या सुरुवातीला असंच मन लागतं.
लिस्प शिकायचं ठरवलं. प्रोग्रामिंगची फार जुनी भाषा. जाणकार थोडे, म्हणजे मागणी असणारच. सहा महिन्यांत घरबसल्या कामं सुरू. फक्त एक कॉम्प्युटर हवा. स्वस्तातला.

६ जून
बायकोला सांगितलं. ती लॅबच्या काउंटरवर दिवसभर पेशंटची नावं टाइप करते, त्यामुळे कॉम्प्युटरचं तिला कौतुक नाही. लिस्पच्या पुस्तकातलं एक पान दाखवलं. तिने बराच वेळ निरखून विचारलं, एवढे कंस? कृष्णाला एकच होता, त्यानेही केवढा ताप दिला. मी हसलो नाही. बजेट तिनेच ठरवलं : लेकीची फी बाजूला काढून उरेल ते. फारसं उरत नाही.

९ जून
वहीत तक्ता आखला. नवा पण हलका, की जुना पण दणकट? चार जीबी की आठ? घाईत घेतलेली वस्तू गळ्यात पडते. रविवारपर्यंत निकाल लावायचाच.

१७ जून
रविवार होऊन गेला. आज रिपेअरवाल्याकडे गेलो. त्याला माझी गरज नीट समजावली, वीसेक मिनिटं. त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली न ठेवता एका ओरखडलेल्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं. बॅटरी गेलेली, चार्जर लावून चालतो. म्हणाला, जी भाषा त्या काळच्या खटाऱ्यांवर चालायची, ती यावर धावेल. किंमतही बजेटात.
विचार करून सांगतो म्हणालो. इतकं सोपं उत्तर देणाऱ्या माणसापासून सावध राहावं.

२ जुलै
तक्ता चौदा रकान्यांचा झाला. कंसाची बटणं ऐसपैस आहेत का, हा रकाना आज वाढवला. शिकायला अजून सुरुवात नाही. चुकीच्या मशीनवर चुकीच्या सवयी लागतात.
लेकीने तिच्या मोबाइलवर लिस्प चालवून दाखवलं. स्क्रीन फार लहान आहे, असं तिला सांगितलं.

२० जुलै, दुपारी ४
पलंगावर पडून रकान्यांचा विचार करत होतो. बायको लवकर आली. जेवलास का, विचारलं. आठवेना. स्वयंपाकघरात जाऊन आली. ताट तसंच झाकलेलं होतं म्हणे. मग चप्पल न काढता माझ्या पायाशी बसून राहिली. मी तिला प्रोसेसरमधला फरक सांगितला.

२६ जुलै
बायकोने परस्पर जाऊन तोच ओरखडलेला लॅपटॉप आणला. तक्ता पाहिलासुद्धा नाही. रिपेअरवाल्याने लिस्प टाकून दिलंय.
दोन अधिक दोन विचारले. चार आले. पुढे काय विचारायचं ते सुचेना. कर्सर लुकलुकत होता, तो बघत बसलो. पहिल्या दिवसाच्या मानाने ठीक.

२७ जुलै, संध्याकाळी
चहा घेऊन आलो, तर लॅपटॉपवर बायको. वाटलं, लॅबचं काम असेल. वाकून पाहिलं, तर वर माझं नाव. कुठल्याशा गोदामात नोंदी ठेवायला माणूस हवाय, त्यासाठी अर्ज.
म्हणाली, "इथे अडलंय. तू नेमकं काय काय करायचास ते सांग."
मी सांगू लागलो. फायलींना नंबर देणं. हरवलेली फाइल शोधून काढणं. ती शोधायला सगळे माझ्याकडेच यायचे. बोलता बोलता मी तोंड खिडकीकडे वळवलं. ती मान वर न करता टाइप करत राहिली, बरं झालं.
शेवटी विशेष कौशल्यांचा रकाना आला. लिस्प लिही म्हणालो.
तिची बोटं थांबली. "येतं तुला?"
नाही म्हणालो.
तिने तो रकाना रिकामा सोडून पुढची ओळ घेतली.