सारिकाचा ओरिजिनल आवाज

शनिवार, १ नोव्हेंबर २०२५. सकाळी ८.१०

कंपनीने अखेर जाहीर केलं. सारिका परत येतेय. तीच ती छोटी, गोल दिव्यांची गाडी, जिच्यासाठी लोक दोन-दोन वर्षं नंबर लावून बसायचे. पण नवीन सारिका बॅटरीवर चालणार! म्हणजे चाकं लावलेला मोबाइलच की.

'सारिका परिवार, मुंबई उपनगर' या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळपासून १८६ मेसेज. मेंबर एकोणचाळीस, ॲडमिन मी. घाटकोपरच्या विपुलने लिहिलं, आली तर बरंच आहे, नवीन पोरांना नाव तरी कळेल. त्याला चोवीस तासांसाठी ग्रुपमधून काढलं. राग नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

संकल्प: कंपनीला खरमरीत पत्र. आजच.

रविवार, २ नोव्हेंबर

पत्र झालं नाही. मायन्यातच अडकलो. 'प्रिय' लिहावंसं वाटेना.

माझी सारिका खाली कंपाउंडात उभी आहे. फिकट निळी, १९८७ची, बाबांनी घेतलेली. मुलुंडात अशी दुसरी नाही. सध्या चालू नाही, एवढंच. चालू नाही म्हणजे बिघडलेली नाही. विश्रांती घेतेय. सहा वर्षं झाली. ग्रुपला हे माहीत नाही, कारण कोणी विचारलेलं नाही. फोटो मी समोरून काढतो. मागचे टायर बसलेत.

विपुलला परत घेतलं. आल्या आल्या त्याने बॅटरीच्या बाजूने मतदान लावलं. एकवीस विरुद्ध अठरा. बॅटरीवाले जिंकले. मतदान डिलीट केलं.

बुधवार, ५ नोव्हेंबर. दुपारी

कंपनीतून श्रुतिका नावाच्या मुलीचा फोन. ती तिथे आवाजाचं काम बघते. बॅटरीच्या गाडीला आवाज नसतो, लोक गाडीखाली येतील, म्हणून जुन्या सारिकाचा आवाज रेकॉर्ड करून नवीन गाडीच्या स्पीकरमधून सोडणार. मी म्हणालो, ही शुद्ध फसवणूक आहे. ती म्हणाली, सर, तुमच्याच गाडीचा आवाज घ्यायचाय. देशभर वाजेल. तुमचं नाव विपुल सरांनी सुचवलं, म्हणाले त्यांच्याइतकी ओरिजिनल गाडी कोणाची नाही.

मी विचार करून हो म्हणालो. एका सेकंदात केलेला विचारही विचारच असतो. रविवार सोळा तारीख, सकाळी सात. ती म्हणाली, गाडी स्टुडिओत आणाल का? मी म्हणालो, बाहेर नेली की हिचा आवाज बदलतो.

शांतपणे पाहिलं तर बॅटरीच्या गाडीतही काही चांगल्या बाजू आहेत. ग्रुपवर अजून लिहिलेलं नाही.

विपुलने माझं नाव का सुचवलं असेल? काहीतरी डाव आहे.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

नमिताला सांगितलं. वाटलं, बायको खूश होईल. ती म्हणाली, अहो, पण ती सुरू कुठे होते? बॉनेटखाली उंदरांची तिसरी पिढी आहे. वरच्या काकू टपावर पापड वाळत घालतात. मग एकदम शांत आवाजात म्हणाली, सोळा तारखेला सुरू झाली तर ठेवा, मी जन्मात बोलणार नाही. नाही झाली तर भंगारवाल्याला द्यायची. कबूल?

कबूल म्हणालो. दहा दिवस हातात आहेत. इंजिन ओरिजिनल आहे. घाबरायचं कारणच नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर. संध्याकाळी

नंदू मेकॅनिक आला. नवीन बॅटरी बसवली, टायरात हवा भरली, कार्बोरेटर उघडून धुतला, उंदरांना बाहेर काढलं. कामाला चोख आहे. मग टाकीचं झाकण उघडून वास घेतला आणि तोंड फिरवलं. म्हणाला, काका, हे पेट्रोल सहा वर्षांचं आहे, याचं वॉर्निश झालंय. सगळं काढा, ताजं टाका, आत्ता सुरू करून देतो.

इथे मी ठाम राहिलो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. सारिकाच्या रबरी नळ्या त्याने सडतात. ग्रुपच्या नियमावलीत कलम चार आहे: 'मिसळीचं पेट्रोल निषिद्ध.' कलम मीच लिहिलंय. टाकीतलं पेट्रोल जुनं नाही, मुरलेलं आहे.

नंदू म्हणाला, मग मुरू द्या. आणि पाने-पकडी गोळा करून गेला. पैसेही घेतले नाहीत, म्हणजे किती चिडला असेल.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

ग्रुपवर मी सहज लिहिलं की बॅटरीच्या सारिकाकडे खुल्या मनाने बघायला हवं. भडका उडाला. माझ्या बाजूचे उरलेले सतरा जण मला फितूर म्हणाले. बॅटरीवाले एकवीस हसले. कांदिवलीच्या परेशने तर मलाच ग्रुपमधून काढा म्हणून लिहिलं. काढणार कोण? ॲडमिन मी आहे.

आज पहाटे किल्ली फिरवून बघितली. स्टार्टर छान बोलतो. घुर्र, घुर्र, घुर्र. पुढे काही नाही. थंडीमुळे असेल. मुलुंडात थंडी २४ डिग्री.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

रोज पहाटे घुर्र, घुर्र. विपुलचा फोन. म्हणाला, दादा, काही अडत असेल तर मी येतो, माझ्या गाडीत तर कधीपासून पंपावरचंच पेट्रोल टाकतो, काही होत नाही रे. त्याला म्हणालो, माझी गाडी एका किल्लीत सुरू होते.

खरं लिहायचं तर मला भीती वाटते. या गाडीतून बाबांनी आम्हाला मालवणला नेलं होतं, घाटात हॉर्न वाजवायचा मान माझा. नमिता लग्न होऊन याच गाडीतून घरी आली. गाडी गेली तर माझ्याकडे आहे काय? एक व्हॉट्सॲप ग्रुप.

उद्या पंपावर जाऊन फक्त एक लिटर आणावं का? कोणाला कळणार आहे?

शनिवार, १५ नोव्हेंबर

पंपावर गेलो. रांगेत उभा राहिलो. नंबर आल्यावर परत आलो. परेशने पाहिलं असतं तर? तो कांदिवलीला राहतो हे खरं, पण माणूस कुठेही जाऊ शकतो.

गाडीला हार घातला. नारळ फोडला. आता अडचण यायचं कारणच नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर. सकाळी १०

श्रुतिका सातच्या ठोक्याला आली. सोबत दोन माणसं आणि मांजरासारखा केसाळ माइक. मी किल्ली फिरवली. घुर्र, घुर्र. परत फिरवली. चाळीस मिनिटं फिरवली. मग बॅटरीनेही मान टाकली. वॉचमन आणि वरचे काका धक्का द्यायला आले. नमिता गाऊनवर ओढणी घेऊन खाली आली आणि तीही गाडीला खांदा लावून ढकलायला लागली. तिच्या कपाळावरचा घाम मला आरशात दिसत होता. तिलाही गाडी सुरू व्हायला हवी होती. हे मला आज कळलं.

तीन फेऱ्या मारल्या. गाडी नुसतीच घरंगळत राहिली.

श्रुतिका म्हणाली, सर, टायरचा आवाज चांगला आलाय. आणि ती मंडळी थेट घाटकोपरला विपुलकडे गेली.

सोमवार, १७ नोव्हेंबर

ग्रुपवर लिहिलं: तांत्रिक कारणास्तव रेकॉर्डिंग पुढे ढकललं आहे. काल ती मंडळी आपल्याकडे आली होती, हे विपुलने कोणालाच सांगितलेलं नाही. त्याचा मला जास्त राग आला.

नमिताकडे एक आठवडा मागितला. ती रागावली नाही. म्हणाली, सहा वर्षांत तीनशे रविवार झाले हो. मग आत जाऊन बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी बाई सकाळीच घासून गेली होती.

शनिवार, २२ नोव्हेंबर. दुपारी १

कबूल केलं होतं, म्हणून भंगारवाल्याला बोलावलं. सहदेव त्याचं नाव. टेम्पो आणि दोर घेऊन आला. मी कागदांवर सह्या केल्या, किल्ली दिली आणि वर आलो. बघवणार नव्हतं. ग्रुपसाठी निरोपाचा मेसेज लिहायला बसलो: 'ती थांबली, पण तिने मिसळीचा एक थेंबही प्यायला नाही. त्या इंजिनाचा आवाज मी झोपेतही ओळखेन.' डोळे भरून येत होते. त्यात खाली टेम्पो सुरू झाला. फार मोठा आवाज. खिडकी लावून घेतली आणि मेसेज पुरा केला.

नमिता धावत आली. म्हणाली, अहो, बघताय काय, गाडी चालली! मी म्हणालो, माहीत आहे. ती म्हणाली, तशी नाही, स्वतःहून चाललीय!

खिडकीत गेलो. टेम्पो जागच्या जागी बंद उभा होता. माझी सारिका गेटमधून बाहेर पडत होती. सहदेव चालवत होता.

चपला न घालता खाली धावलो. तोवर ती नाक्यावरून वळली होती. वॉचमन म्हणाला, ओढून न्यायचा त्रास नको म्हणून त्याने टेम्पोची बॅटरी लावली, बाटलीत पंपावरचं पेट्रोल घेतलं आणि नळी सरळ कार्बोरेटरला जोडली. पहिल्याच किल्लीला सुरू झाली साहेब, तुम्हाला ऐकू नाही आलं?

सोमवार, २४ नोव्हेंबर

ग्रुपवर काही लिहिलं नाही. ॲडमिनपद विपुलला दिलं.

दुपारी सहदेवचा फोन. गाडी परत द्याल का, हे विचारायला मी तोंड उघडणार तोच तो म्हणाला, साहेब, एक नंबर गाडी आहे, तोडायला जीव होईना. घरीच ठेवतोय. बायको-पोरांना काल मढच्या किनाऱ्यावर फिरवून आणलं. पोरं अजून तिच्यातच बसून आहेत.

मग म्हणाला, जुनी गाडी आहे, तुम्ही जाणकार. हिला पेट्रोल कुठलं घालायचं?

मी म्हणालो, कुठलंही.