उलटा करून गुणा

प्रिय भक्ती,

सुटले गं बाई एकदाची! शुक्रवारी माझा पाठ झाला आणि चार महिन्यांनी काल मी दुपारची गाढ झोपले. फोनवर मी 'ट्रेनिंग चाललंय' म्हणून उडवून लावायचे, पण आतली गोष्ट वेगळीच होती. आमच्या तरसालीच्या शाळेला गणित-विज्ञानाच्या शिक्षकांना तयार करायला अनुदान मिळालं, ते एका अटीवर. शाळा, कॉलेज आणि गोरव्यातला एक कारखाना यांची भागीदारी, प्रत्येक शिक्षकाला कारखान्यातला एक जोडीदार, आणि शेवटी सगळ्यांसमोर एक पाठ. पाठाचा विषय चिठ्ठी टाकून. मला काय निघावं? अपूर्णांकांचा भागाकार! सत्तावीस वर्षं मी मुलांना सांगतेय, दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा. का, ते मला स्वतःलाच कधी कळलं नव्हतं. गणिताच्या कडक बेन म्हणून शाळेत माझा दरारा, आणि आतून ही बोंब! निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना बिंग फुटणार, म्हणून मी आजारपणाची रजा टाकायच्या बेतात होते.

जोडीदार मिळाले सुभानराव. पूर्वज गायकवाडी फौजेतले, म्हणून मिशी अजून ताठ. शिक्षण दहावी नापास, तीस वर्षं पाईप कापतायत. मी मनात म्हटलं, घ्या, आता हे मला शिकवणार! मांजलपूरहून ॲक्टिव्हा हाणत गोरव्याला जायचे आणि कोपऱ्यात तोंड पाडून उभी राहायचे. तिसऱ्या आठवड्यात त्यांनीच विचारलं, बेन, तब्येत बरी नाही का? आणि काय झालं कुणास ठाऊक, मी सगळं ओकून टाकलं. ते हसले नाहीत गं. म्हणाले, एमां शुं, बेन? त्यात काय एवढं! भागायचं म्हणजे किती तुकडे निघतात ते बघायचं. एक मीटरचा पाईप घेतला, खडूने तीन सारखे भाग पाडले. दोन भागांचा एक तुकडा, तर असे तुकडे किती? एक अख्खा निघाला, उरला त्याच्या निम्मा. म्हणजे दीड. दीड म्हणजे तीन छेद दोन, दोन छेद तीनचंच उलटं! पाईप दोन मीटरचा असेल तर दीडची दुप्पट, पाऊण मीटरचा असेल तर दीडची पाऊणपट, म्हणून गुणायचं. मी त्या ऑइलच्या वासातच त्यांच्याकडून खडू मागून घेतला आणि स्वतः पुन्हा करून पाहिलं. हसावं की रडावं कळेना.

शुक्रवारी मी कागदाच्या पट्ट्या कापून नेल्या. आधी पोरांना सांगून टाकलं की हे मलाही चार महिन्यांपूर्वी येत नव्हतं. कॉलेजच्या बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, पण पोरं काय खुलली म्हणून सांगू! अनुदान पुढच्या वर्षीही मिळणार आहे. सुभानरावांनी आम्हा सगळ्यांना सेव-उसळ खायला घातली, इतकी तिखट की नाकाडोळ्यांतून पाणी.

आता खरं सांगते. गेल्या रविवारी तू म्हणालीस, बढतीच्या परीक्षेत गणिताचा पेपर आहे म्हणून फॉर्मच भरणार नाही, मी ढ ती ढच. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. सहावीत असताना तू मला विचारलं होतंस, आई, भागल्यावर उत्तर लहान व्हायला हवं, मग मोठं कसं आलं? एकदा नाही, तीनदा विचारलंस. मला सांगता येईना, आणि येत नाही म्हणायची लाज वाटली, म्हणून मी तुझी वही भिरकावली आणि तुला ढ म्हणाले. तुझा प्रश्न अगदी बरोबर होता, बाळा. वीस वर्षं तू माझं अज्ञान स्वतःच्या नावावर वागवते आहेस. फोनवर हे माझ्या तोंडून निघालं नसतं. मला माफ कर. फॉर्म भरायचा की नाही ते तू ठरव, पण तू ढ आहेस म्हणून सोडू नकोस. ढ मी होते.

तुझीच, मोकळी झालेली,
आई